बाईंना लॉर्ड म्हणायचं?

नमस्कार मंडळी. आज एका जज बाईंची गोष्ट सांगायचीय. एलिझाबेथ बटलर-स्लॉस. नाव कानाला नवीन वाटेल म्हणून परत सांगते, बटलर-स्लॉस. इंग्लंडच्या अपील कोर्टात जज म्हणून बसलेली पहिली स्त्री. साल 1988.

जन्म 1933 चा. वडील जज, भाऊ वकील, तो पुढे देशाचा ॲटर्नी जनरल, सरकारचा सगळ्यात वरचा वकील झाला, म्हणजे जेवणाच्या टेबलावरही कायदाच. पण बाईंकडे युनिव्हर्सिटीची डिग्री नव्हती, तरी 1955 ला त्या बॅरिस्टर झाल्या, तेव्हा तिकडे ते चालायचं. आणि आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी, त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली 1892 ला आणि डिग्री हातात पडली 1922 ला! तीस वर्षं, कारण बायकांना डिग्री द्यायचीच नाही असा तेव्हा नियम. मला हे आठवलं की आजही राग येतो.

असो. 1979 ला बटलर-स्लॉस हायकोर्टात जज झाल्या. तेव्हा तिथे पुरुष जज असला तर मिस्टर जस्टिस अमुक, बाई असली तर मिसेस जस्टिस तमुक. लग्न झालेलं असो नसो, मिसेसच. हे वाचलं तेव्हा मला आपल्या लग्नपत्रिका आठवल्या. पुरुषांना सगळ्यांना सरसकट श्री., आणि बायकांची मात्र वर्गवारी, सौ., श्रीमती, कु. माझ्या आत्याने पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, साठीला आली तरी पत्रिकेवर कु. आणि खाली चार वर्षांच्या भाचीच्या नावामागेही कु.! आत्या काही बोलायची नाही, पण पत्रिका वाचून झाली की उलटी करून ठेवायची. माझं स्पष्ट मत आहे, पत्रिका छापताना नुसती नावं छापा, कुणाचं काही अडत नाही.

हां, तर मूळ गोष्ट. 1988 ला बाईंना बढती मिळाली, अपील कोर्ट. आता अपील म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, खालच्या कोर्टाचा निकाल बरोबर की चूक ते वरचे जज तपासतात. तर तिकडच्या 1981 च्या कायद्यात लिहिलेलं होतं की या कोर्टातल्या जजचं पद 'लॉर्ड जस्टिस ऑफ अपील'. लॉर्ड! दुसरा शब्दच नाही, कारण त्या खुर्चीत कधी बाई बसेल असं कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं. आणि कायदा तर फक्त सात वर्षांपूर्वीचा, काही राणी व्हिक्टोरियाच्या काळातला नव्हे! मग झालं काय, की हायकोर्टात आल्या तेव्हाच ज्यांना 'डेम' किताब मिळालेला, जो बायकांनाच मिळतो, त्यांचं अधिकृत पद ठरलं 'लॉर्ड जस्टिस बटलर-स्लॉस'. डेम पण त्याच आणि लॉर्ड पण त्याच.

सहा वर्षं गेली. 1994 ला तिथले वरिष्ठ न्यायाधीश सर थॉमस बिंगहॅम यांनी सूचना काढली की बोलताना त्यांना 'लेडी जस्टिस' म्हणावं. लक्षात घ्या, बोलताना. कायद्यात शब्द तोच राहिला, लॉर्ड. तो बदलला 2003 च्या कायद्याने, पंधरा वर्षांनी. आणि तोवर बाई त्या कोर्टात राहिल्याच नव्हत्या, 1999 ला त्या हायकोर्टाच्या फॅमिली डिव्हिजनच्या, म्हणजे कौटुंबिक खटल्यांच्या शाखेच्या, अध्यक्ष झाल्या होत्या, तिथेही पहिल्याच स्त्री. म्हणजे शब्द तयार झाला तो मागून येणाऱ्या बायकांसाठी.

आता आपली मराठी बघा. न्यायमूर्ती. ती मूर्ती, स्त्रीलिंगी शब्द! न्यायमूर्ती रानडे म्हणताना आपण कधी अडखळलो का? आणि 1978 ला सुजाता मनोहर मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या स्त्री जज झाल्या, तेव्हा त्यांच्यासाठी नवा शब्द शोधावा लागला नाही, न्यायमूर्ती सुजाता मनोहर, झालं. स्त्रीलिंगी शब्द पुरुषांना लावला तर त्यांचं काही बिघडत नाही, हे मी गेली कित्येक वर्षं सांगतेय.

बाईंचं काम मात्र या नावापेक्षा फार मोठं. 1987 ला इंग्लंडच्या क्लीव्हलँड भागात लैंगिक अत्याचाराच्या संशयावरून 121 मुलांचं प्रकरण झालं, कितीतरी मुलं आईबापांपासून लांब नेली गेली. चौकशी यांच्याकडे आली. अहवालात त्यांनी बजावलं की मूल ही एक व्यक्ती आहे, काळजी करण्याची वस्तू नाही. परत सांगते, मूल ही व्यक्ती आहे. पुढे 1989 ला तिकडे मुलांसाठीचा नवा कायदा आला त्यामागे हा अहवाल होता.

आणि शेवटचं, 2002 चं. एक पेशंट, कोर्टात नाव फक्त मिस बी. मानेपासून खाली काही हलत नाही, श्वास मशीनवर. ती म्हणते मशीन बंद करा, डॉक्टरांचं मन धजत नाही. पेशंटला कोर्टात आणणार कसं? तर बाई स्वतः हॉस्पिटलमध्ये गेल्या, बेडपाशी बसून तिचं म्हणणं ऐकलं. निकाल दिला की ही पूर्ण भानावर आहे, निर्णय तिचा, तिच्या मनाविरुद्ध उपचार चालू ठेवणं बेकायदा. पण त्याच निकालात शेवटी लिहिलं, अगदी संकोचाने, तिची माफी मागून लिहिलं, की तुम्ही विचार बदललात तर समाजाला देण्यासारखं तुमच्याकडे खूप आहे.

मिस बी यांनी विचार बदलला नाही. काही आठवड्यांनी त्या झोपेतच गेल्या.