नगरसेवक नसलेली मुंबई

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. तिळगुळाच्या कार्यक्रमात राज्यघटना कशाला, असं काहींना वाटलं असेल. मी दादरचा, त्यामुळे सुरुवात गटारापासून करतो.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. प्रभाग २२७ की २३६ हा घोळ, ओबीसी आरक्षणाचा वाद, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा, असं करत निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासकराज, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा कारभार. अर्थसंकल्प प्रशासकाने मांडायचा आणि मंजुरीही त्यानेच द्यायची!

घटनेत मात्र स्पष्ट लिहिलंय. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिच्यातलं कलम २४३-यू म्हणतं, पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी.

त्याच काळात आमच्या सोसायटीच्या सभेत तुंबलेल्या गटाराचा विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, आमदारांना सांगू. एका काकांची थेट खासदारांशी ओळख निघाली. वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, हे चहा संपता संपता सुचलं. सभेत सीए होते, इंजिनिअर होते, निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पण आपल्याला नगरसेवकच का नाही, हे कुणी विचारलं नाही.

शाळेत नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं. बालभारतीच्या पुस्तकात उद्देशिका सुरुवातीलाच असते, मुलं ती तालात म्हणतात. त्यापेक्षा वर्गात एकदा माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घ्या ना! दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. कलमं पाठ करण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहील.

आता तुमचं. इथलं नागरिकत्व घेतलंत, तर तिथलं मत गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने ते परत येत नाही. भारतीय पासपोर्ट असेल, तर फॉर्म ६-अ भरून त्यावरच्या पत्त्याच्या मतदार यादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र स्वतः केंद्रावर जावं लागतं, आणि तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट कोण काढणार, हे मलाही कळतं. पण माहितीचा अधिकार प्रत्येक भारतीय नागरिकाला आहे आणि महाराष्ट्राचं त्यासाठी ऑनलाइन पोर्टल आहे. पार्ल्यातला तुमचा रस्ता गेल्या वर्षी किती वेळा खणला आणि कितीला पडला, हे इथे बसून विचारता येईल. जेवणानंतर मी लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी रस्त्याचं नाव तेवढं नीट आठवून या.