यहुदी धर्म सोडल्यावर इतरांचे धर्मग्रंथ वाचताना

नमस्कार, श्रोतेहो. यहुदी म्हटलं की आपल्याला कोकणातले बेने इस्रायल आठवतात, आपले शनिवार तेली. आज बोलायचंय ते न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या किंवा जेरुसलेमच्या कर्मठ घरांत वाढलेल्या, देवावरचा विश्वास उडालेल्या आणि आता दुसऱ्यांचे ग्रंथ उघडू पाहणाऱ्या माणसांविषयी.

आधी कायद्याचं बघू. धर्मशास्त्राच्या लेखी यहुदी आईच्या पोटी जन्मलेला माणूस नास्तिक झाला तरी यहुदीच. यहुद्यांना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या तिथल्या ‘परतीच्या कायद्या’चं गणित जरा वेगळं. जन्माने यहुदी पण कॅथलिक संन्यासी झालेल्या ब्रदर डॅनियल यांना 1962 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा हक्क नाकारला. 1970 च्या दुरुस्तीत तर ‘दुसऱ्या धर्माचा सदस्य नसलेला’ अशी अटच घातली. म्हणजे कुराण वाचा, गीता वाचा, हक्काला धक्का लागत नाही. बाप्तिस्मा घेतलात तर लागतो. घरदार तुटलेल्या माणसाच्या दारी फुकट प्रती घेऊन प्रेमळ मंडळी येतात. प्रत जरूर घ्यावी, धर्म बदलण्याच्या कागदावर सही करताना मात्र थांबावं.

येशिवात, म्हणजे यहुदी धर्मपाठशाळेत, शिकलेल्या मुलाकडे मोठं भांडवल असतं. तालमूद म्हणजे रब्बींच्या, यहुदी धर्मगुरूंच्या, चर्चांचा ग्रंथ. त्याच्या पानावर मधोमध मूळ मजकूर, एका अंगाला राशी या मध्ययुगीन पंडिताचं भाष्य, दुसऱ्या अंगाला तोसाफोत, म्हणजे त्याच्या नंतरच्या पंडितांच्या टिपा. राशीला इथे काय खटकलं, हे विचारायची सवय लहानपणीच लागते. (मुलींना कर्मठ शाळांत बहुधा तालमूद शिकवत नाहीत, पण राशीच्या भाष्यासकट तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, त्याही वाचतात.) ही सवय टिकवावी. तिच्यातली एक खोड तेवढी सोडावी, ती म्हणजे ओळीओळीतून नियम काढण्याची. धम्मपदाच्या 423 गाथांमधून कोणी हलाखा, म्हणजे यहुदी धर्मनियम, काढायला बसला, तर त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही.

कुराण पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. त्यातल्या 114 सुरा, म्हणजे अध्याय, साधारणपणे लांबीनुसार लावल्या आहेत, काळानुसार नव्हे. दुसरीच सुरा 286 आयतींची, म्हणजे ओव्यांसारख्या वचनांची. कायदे, वाद, जुन्या कथा सगळं त्यात एकत्र. नवा वाचक तिथेच दमतो. त्यापेक्षा बारावी सुरा घ्यावी, यूसुफची. 111 आयती, जवळजवळ सगळी एकच सलग कथा. शेजारी तोरातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचे 37 ते 50 हे अध्याय उघडे ठेवावेत, तिथे हाच यूसुफ योसेफ या नावाने येतो. उत्पत्तीत मालकाची बायको योसेफचं वस्त्र हातात धरून ठेवते आणि तेच त्याच्याविरुद्ध दाखवते. कुराणात सदरा मागून फाटलेला निघतो, म्हणजे तो पळत होता, म्हणजे निर्दोष. आणि तरीही त्याला तुरुंगात टाकतात! सदरा या सुरेत तीनदा येतो. आधी खोटं रक्त लावलेला, मग हा फाटका, आणि शेवटी बापाची दृष्टी परत आणणारा. मध्येच शहरातल्या बायका यूसुफला बघता बघता सुरीने स्वतःचेच हात कापून घेतात. येशिवाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटेल, कारण मिद्राश तन्हुमा या तोरावरच्या जुन्या यहुदी कथा-भाष्यातही ही गोष्ट आहे. कोणी कोणाकडून घेतली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि श्रद्धा नसलेल्याला खरी गंमत तिथेच आहे. दोन्हींपैकी कुठलीच बाजू त्याला राखायची नसते.

ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. 16 अध्याय एका बैठकीत होतात. सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत तो 16:8 ला, भ्यालेल्या, गप्प बसलेल्या बायकांपाशी संपतो. पुढच्या ओळी नंतरच्या. आवृत्तीत तशी तळटीप नसेल, तर आवृत्ती बदलावी. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 23 व्या अध्यायात परुश्यांवर, म्हणजे येशूच्या काळच्या एका यहुदी पंथावर, आग पाखडली आहे, आणि रब्बींची परंपरा स्वतःला परुश्यांचीच वारस मानते, त्यामुळे ते झोंबतं. येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदीच होते, ही भाऊबंदकी आहे, हे खरं. पण पुढे शतकानुशतकं हीच वाक्यं यहुद्यांविरुद्ध वापरली गेली, तेव्हा राग आला तर तोही रास्तच.

गीता उघडताना ‘अवोदा झारा’चा, म्हणजे परदेवपूजेचा धाक आड येतो. विश्वास गेला तरी धाक मागे राहतो. त्याला वेळ द्यावा. 700 श्लोक नुसते वाचले तर अर्जुन का खचला हेच कळत नाही, म्हणून आधी महाभारताची गोष्ट थोडक्यात वाचून घ्यावी. आणि समासात लिहीत जावं, हे कोण बोलतंय. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, दुःखात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांची वाक्यं शास्त्र म्हणून सांगणारा फसतो, कारण 42 व्या अध्यायात देवच त्या मित्रांवर रागावतो. गीतेतही कुळधर्म बुडेल हा पहिल्या अध्यायातला युक्तिवाद अर्जुनाचा आहे. कृष्णाचं उत्तर दुसऱ्या अध्यायात सुरू होतं.