गोळीबंद पाक आणि पाचवीचं गणित

(डेन्व्हर परिसरातल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि लाडू कडक लागला तर दाताला जपा. हसताय, पण आज बोलायचंय ते त्या कडक लाडवाबद्दलच.

कार्यकारिणीने मला विषय दिला ‘स्वयंपाकातून शिक्षण’. हे नाव ऐकूनच मुलं खोलीचं दार लावून घेतील. मी मिडल स्कूलला विज्ञान शिकवते. दिवसभर शाळा झाल्यावर मुलाला घरी ओट्यापाशीही शाळाच भेटावी, असं मला मुळीच वाटत नाही. पोळी लाटताना ‘सांग बरं, परीघ किती?’ असं विचारणारे आईबाप मला माहीत आहेत. पोळी गार होते आणि मूल वैतागतं. पदार्थ नीट जमायला जेवढं गणित लागतं तेवढंच करावं. आणि ते पदार्थाने मागावं, आपण नाही.

आता तिळाच्या लाडवाचंच घ्या. समजा तुमचं प्रमाण एक कप तीळ, अर्धा कप दाण्याचं कूट आणि पाऊण कप गूळ असं आहे. मंडळात न्यायचेत म्हणून दीडपट करायचं. तीळ दीड कप, कूट पाऊण कप, इथवर मूल झटकन सांगतं. गुळापाशी अडतं. पाऊणची दीडपट म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश. इथल्या पाचवीच्या वर्गात अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणायला शिकवतात, ते नेमकं हेच. पण कपांच्या नेहमीच्या संचात अष्टमांशाचं माप नसतं. मग शोधाशोध होते. एका अमेरिकन कपात सोळा टेबलस्पून, म्हणजे अष्टमांश कप झाला दोन टेबलस्पून. हे त्याचं त्याला सापडू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका, हे सगळ्यात अवघड. व्हिसावर आलेले आजीआजोबा घरात असले तर आणखी बहार. पावकी, निमकी, दीडकी पाठ केलेली ती पिढी, नातवाने कागद घेईपर्यंत उत्तर देऊन मोकळी होते.

मग पाक. इंटरनेटवरच्या कृतीत लिहिलेलं असतं, ‘पाक ११५ अंश सेल्सिअसला आणा’. मुंबईत ते बरोबर. आपण राहतो समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी १०० नाही, साधारण ९५ अंशांनाच उकळतं. पाकही त्याच हिशेबाने चार-पाच अंश आधीच तयार होतो. थर्मामीटर ११५ दाखवेपर्यंत थांबलात की जास्तीचं पाणी उडून जातं, पाक पुढे जातो आणि लाडवाचा दगड होतो. आजी मात्र वाटीत गार पाणी घेते, पाकाचा थेंब सोडते, बोटाने गोळा करून बघते. गोळी झाली की गॅस बंद. तिची पद्धत मुंबईत चालते, डेन्व्हरला चालते, अगदी लेहलाही चालेल, कारण ती तापमान मोजतच नाही, पाक किती दाट झाला ते बघते. मुलांना दोन्ही करू द्या: एका हातात थर्मामीटर, शेजारी पाण्याची वाटी. गोळी जमली त्या क्षणी आकडा किती होता, तो फ्रिजवर लिहून ठेवा.

यातून एक छान उद्योग निघतो. मुंबईच्या मावसभावाला आणि पुण्याच्या आत्येबहिणीला सांगा, उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून आकडा कळवा. मुंबई १००, पुणे ५६० मीटरवर म्हणून ९८च्या आसपास, आपण ९५. तीन ठिपके कागदावर मांडले की जवळजवळ सरळ रेष येते, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. मग विचारा, महाबळेश्वर १,३५० मीटरवर आहे, तिथे किती? मूल रेषेवर बोट ठेवून साडेपंचाण्णव म्हणतं. तूरडाळ इथे कुकरशिवाय का शिजत नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

इतिहासासाठी उपासाची साबुदाण्याची खिचडी पुरते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणेही तिकडचेच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरचीसुद्धा अमेरिकेतूनच आलेली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून यातलं बरंच काही आपल्याकडे पोचलं. जिरं पश्चिम आशियाकडचं. उरलं तूप आणि मीठ. म्हणजे आपला सोवळ्यातला फराळ पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणाला करताच आला नसता! माझ्या मते शाळेतल्या ‘कोलंबियन एक्स्चेंज’च्या, म्हणजे कोलंबसनंतर अमेरिका आणि बाकीच्या जगात झालेल्या पिकांच्या देवाणघेवाणीच्या, धड्याला याहून चांगला नकाशा नाही. राजगिराही मूळचा अमेरिकेचा. वरई मात्र आपली.

आणि आज हळदीकुंकू आहे म्हणून एवढंच: हळदीत खाण्याचा सोडा कालवा, लाल होते, वर लिंबू पिळा, परत पिवळी. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची प्रक्रिया करूनच करत आले आहेत. आम्ल-अल्कली शिकायला लिटमसच हवा असं नाही.

(भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न.)

एका आजींनी विचारलं, ‘पाकाने पोरं भाजली तर?’ आजी, काळजी रास्त आहे. पाक उकळत्या पाण्याहून तापलेला असतो, शिवाय कातडीला चिकटून राहतो. दहा वर्षांखालच्या मुलांनी मोजमाप करावं, आकडे लिहावेत, वाटीतल्या गार झालेल्या थेंबाची गोळी करून बघावी. कढईतून थेंब काढणं मोठ्यांचं काम. लाडू वळताना हाताला तूप लावायचं, आणि मिश्रण सोसवेल इतकं निवल्याचं आधी मोठ्यांनी बघायचं.

एक बाबा म्हणाले, ‘आमचा चिरंजीव लाडू वगैरे काही करणार नाही, त्याला फक्त पाकिटातले नूडल्स येतात.’ करू द्या की. इथे केक मिक्सच्या खोक्यावर उंचावरच्या गावांसाठी वेगळ्या सूचना छापलेल्या असतात, नूडल्सच्या पाकिटावर सहसा नसतात. छापलेल्या वेळात शिजतात का ते त्याला घड्याळ लावून बघू द्या, आणि इथे खरोखर किती मिनिटं लागतात ते पेनाने पाकिटावर लिहायला सांगा. पुढच्या मेळाव्याला ते पाकीट घेऊन या.