उण्यावरची पांढरी शाई

परवा पहिल्या वर्षाच्या वह्या तपासत होतो. सर्किटचं गणित, आकडेमोड बिनचूक, उत्तर उणे ४.७६ अँपिअर. आणि त्या उण्यावर पांढऱ्या शाईचा जाड थर! विचारलं, तर पोरगा म्हणाला, "सर, करंट मायनसमध्ये कसा असेल?" प्रश्न इमानदार होता, म्हणून आज तेवढ्यावरच बोलतो.

ते गणित मी निफाडकडच्या एका घरातून उचललंय. लोडशेडिंगला कंटाळून त्यांनी इन्व्हर्टरच्या नव्या बॅटरीला जुनी बॅटरी समांतर जोडली होती. तेवढाच बॅकअप वाढेल म्हणून. झालं उलटंच. जुनी गरम व्हायची, नवी लवकर उतरायची. आकडे मी सोयीचे घेतले: नवी १२ व्होल्ट, जुनी १०, दोन्हींचा आतला रेझिस्टन्स ०.१ ओहम आणि लोड, म्हणजे घरातली उपकरणं, १ ओहम.

आता वरच्या नोडचं, म्हणजे जिथे तारा एकत्र येतात त्या जोडाचं, व्होल्टेज व्ही धरा. दोन्ही बॅटऱ्यांतून करंट बाहेर येतोय असे बाण काढा. खरे असतील-नसतील, आत्ता त्याची काळजी नको. केसीएल, म्हणजे किरखॉफचा करंटचा नियम, लिहा; नोडमध्ये जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो: (१२ वजा व्ही) भागिले ०.१, अधिक (१० वजा व्ही) भागिले ०.१, बरोबर व्ही भागिले १. व्ही येतो १०.४८ व्होल्ट. नवी बॅटरी देते १५.२४ अँपिअर, लोड घेतो १०.४८. मग उरलेले ४.७६ गेले कुठे? जुन्या बॅटरीत! तिचा बाण आपण बाहेर काढला होता, म्हणून तिचं उत्तर उणे आलं. नवी बॅटरी लोडबरोबर जुनीलाही पोसतेय. त्या घरातला सगळा बिघाड त्या एका उण्यात लिहिलेला होता, आणि आमच्या विद्यार्थ्याने नेमका तोच पुसला.

केसीएल शिकवताना आम्ही मास्तर लोक पाण्याचं उदाहरण देतो. नासर्डी गोदावरीला मिळते, जेवढं पाणी आलं तेवढं पुढे गेलं. ठीक आहे, पण त्यातून मुलांच्या मनात बसतं की प्रवाहाची दिशा आधीच ठरलेली असते. तुम्ही नाशिककर आहात, गोदेचा पूर पाहिलाय. पात्र भरलं की फुगवट्याचं पाणी नाल्यांतून उलटं आत शिरतं. नाला तोच, बाण उलटा. उंची कुठे जास्त, त्यावर दिशा ठरते. १०.४८ हे १० पेक्षा जास्त आहे, एवढंच कारण.

किरखॉफने केसीएलसकट सर्किटचे हे नियम १८४५ साली मांडले, तेव्हा तो कोनिग्सबर्गला शिकत होता, वय २१. म्हणजे तुमच्यातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांएवढा. ओहमचा नियम त्याआधी १८२७ पासून छापलेला होता; पण बरेच लूप, म्हणजे करंटच्या बंद वाटा, एकमेकांत गुंतले की नुसत्या ओहमवर भागत नाही. किरखॉफने पद्धत दिली: दिशा धरा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. मध्येच "इथे तर उलटा जात असेल" म्हणून एक बाण फिरवला आणि समीकरण तसंच ठेवलं, की गणित फिसकटतं. इन-सेम परीक्षेला मार्क जातात ते बहुतेक इथेच.

उद्या तेच गणित जुन्या बॅटरीचा बाण आत जाणारा धरून सोडवून आणा. उत्तर अधिक ४.७६ येईल. पांढरी शाई घरीच ठेवा.