हिर्टा बेटावरची कैदी

२२ जानेवारी १७३२ची रात्र. स्कॉटलंडमधलं एडिनबरा. डोंगरी मुलखातले काही पुरुष एका बाईच्या बिऱ्हाडात घुसतात. तिला मारतात, तिच्या तोंडात बोळा कोंबतात आणि अंधारातून उचलून नेतात.

तिचं नाव रेचल चीझली. लोक तिला लेडी ग्रेंज म्हणत. हे करवणारा तिचा नवरा, जेम्स अर्स्किन, लॉर्ड ग्रेंज. तो न्यायाधीश होता.

संसार वीस वर्षांहून जास्त, मुलं नऊ. नवऱ्याचं लंडनमधलं प्रकरण तिला कळलं आणि १७३०मध्ये दोघं वेगळी झाली. रेचल गप्प बसली नाही. भर रस्त्यात त्याचे वाभाडे काढायची. लिहिणाऱ्यांनी तिच्या तापटपणाचीच चर्चा जास्त केली. तिच्या बापाने १६८९मध्ये एका न्यायाधीशाला गोळी घातली होती, तेही तिच्याच नावावर मांडलं. मला हे अन्यायाचं वाटतं. नवऱ्याला भीती होती ती तिच्या तोंडून काय बाहेर पडेल याची. त्याचा भाऊ, अर्ल ऑफ मार, १७१५च्या जॅकोबाइट बंडाचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्यांच्या उठावाचा, म्होरक्या. नवराही त्यातलाच, असं ती सांगत होती आणि लंडनला निघण्याच्या तयारीत होती.

पळवल्यावर तिला आधी हेस्कर बेटावर दोन वर्षं ठेवलं. मग, १७३४मध्ये, हिर्टा. सेंट किल्डा बेटांपैकी हे मोठं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हेब्रिडीज बेटांच्या पश्चिमेला सुमारे ६४ किलोमीटर, भर अटलांटिकमध्ये. लोक समुद्रपक्ष्यांवर जगायचे. कडे उतरून पक्षी आणि अंडी आणायची, दगडी कोठारात साठवायची. बोली गेलिक. एडिनबराच्या दिवाणखान्यात वावरलेल्या रेचलला तिथे मनातलं बोलायला जवळपास कुणीच नव्हतं. सुटकेची वाट बघत ती तिथे सहा वर्षं राहिली.

तिने १७३८मध्ये लिहिलेलं पत्र एडिनबराला पोहोचलं ते १७४०च्या अखेरीस. तिचे वकील, टॉमस होप, यांनी हत्यारबंद माणसं घालून गलबत धाडलं. गलबत बेटाला लागलं. रेचल तिथे नव्हती. तिला आधीच हलवलं होतं.

मे १७४५मध्ये स्काय बेटावर ती वारली. तिला ट्रम्पनच्या कबरस्तानात पुरलं. आणि त्यानंतर डुरिनिशला, लोकांच्या देखत, आणखी एक शवपेटी पुरली गेली. तिच्यात माती आणि दगड होते.