चावडीवर कोण बसतं?

(दृश्य : गावातली जुनी चावडी. सकाळचं ऊन.)

ही गावची चावडी. दगडी ओटा, लाकडी खांब, भिंतीवर रंग उडालेली पाटी. सकाळी आठपासून इथं माणसं बसलेली असतात. माणसं म्हणजे पुरुष. बायका समोरच्या रस्त्यानं जातात, पदर सावरत, जरा भरभर. त्यांना इथं बसायला बंदी नाही. तसा नियम कुठंही लिहिलेला नाही.

(दृश्य : संगणकाचा पडदा. हळूहळू वर सरकणारं चर्चेचं पान.)

आणि ही दुसरी चावडी. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून चर्चा करायच्या जागेला हेच नाव आहे. सरावासाठी खरडायचं पान म्हणजे धूळपाटी. आपोआप कामं उरकणारा प्रोग्रॅम म्हणजे सांगकाम्या. ज्यांनी हे शब्द निवडले त्यांना दाद द्यायलाच हवी, सरकारी परिभाषेला असं काही सुचलं नसतं. पण चावडी हा शब्द आला, त्याच्याबरोबर तिचा ओटाही आला.

(दृश्य : कॉलेजचा संगणक कक्ष. मुली, दोन प्राध्यापिका, खुर्च्या ओढल्याचा आवाज.)

मार्चचा पहिला आठवडा. ८ मार्चच्या निमित्तानं स्त्रियांविषयीचे लेख लिहायला कार्यशाळा भरतात, त्यातली ही एक. पहिला अर्धा तास खाती उघडण्यात जातो. सहा खाती उघडतात. सातव्या मुलीच्या पडद्यावर नकार. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती काढता येतात. उपद्रवी लोकांना आवर घालायला केलेला हा नियम, आणि शहाणपणाचाच. घरी एकट्यानं, स्वतःच्या लॅपटॉपवर खातं काढणाऱ्याला तो आयुष्यात कधी दिसत नाही. दिसतो तो घोळक्यानं येणाऱ्यांना. आणि बायका इथं बऱ्याचदा घोळक्यानंच येतात.

कुणीतरी मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करतं.

(दृश्य : कीबोर्डवरचे हात. शेजारी एक कात्रण, एक पत्र, एक मोबाइल.)

ही मुलगी तिच्या तालुक्यातल्या एका कलावंतिणीबद्दल लिहिते आहे. उमेदीची सगळी वर्षं वगात काम केलेली बाई. मुलीनं सोबत काय आणलंय ते बघा. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातलं एक कात्रण. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं, त्याचं पत्र. आणि मोबाइलमध्ये बाईंचं स्वतःचं बोलणं, पाऊण तासाचं. यातलं कात्रण चालेल, पण ते एकच आहे. पत्र चालणार नाही. बोलणं तर नाहीच. विकिपीडियाला प्रकाशित आणि त्रयस्थ संदर्भ लागतो. ज्याच्यावर कुणी आधी लिहिलंय, त्याच्यावरच इथं लिहिता येतं.

(दृश्य : ‘इतिहास पहा’ हा कप्पा उघडतो. तारखा, वेळा, सदस्यनावं.)

कॅमेरा इथं बराच वेळ थांबला, कारण सगळं नाट्य या पानावर आहे. कुणी, किती वाजता, कुठला शब्द बदलला, त्याची ही नोंदवही. लेख प्रकाशित होतो आणि थोड्याच वेळात त्यावर ‘पानकाढा’चा साचा, म्हणजे हे पान काढून टाकावं अशी पाटी, लागतो. दुसरीच्या लेखात तिनं घातलेला परिच्छेद गायब, खाली एक ओळ : ‘पूर्वपदास नेले’, म्हणजे बदल रद्द. पाटी लावणाऱ्याचं वैर नाही. तो जुना, जाणता सदस्य आहे, रोज असा बराच कचरा उपसतो, पगार घेत नाही. त्याला नियम पाठ आहेत. हिला नियम आहेत हेच आत्ता कळतंय.

(दृश्य : मुलगी पडद्याकडे बघत राहते. निवेदन थांबतं.)

(दृश्य : वृत्तपत्रांचे मथळे, लेझर किरणांची रेखाचित्रं.)

हे फक्त मराठीत घडतं असं नाही. २ ऑक्टोबर २०१८ ला कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. हे नोबेल मिळवणाऱ्या बायका मोजक्या : मेरी क्युरी १९०३, मारिया गोपर्ट-मायर १९६३, त्यानंतर या. त्या सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचं पान नव्हतं. त्यांच्याबरोबर नोबेल मिळालेल्या जेरार मुरू यांचं होतं. स्ट्रिकलंडबाईंचा मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात कुणीतरी पाठवला होता. संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून तो परत गेला. परत पाठवणारा नियमानंच चालला होता.

२०११ च्या पाहणीत विकिपीडियाच्या संपादकांमध्ये बायका सुमारे ९ टक्के निघाल्या. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या कार्यकारी संचालक सू गार्डनर यांनी २०१५ पर्यंत २५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं. ते गाठता आलं नाही.

(दृश्य : जातं. पिठाची धार. दोन हात एका खुंट्यावर.)

हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नातं, सासुरवास, देव, दुष्काळ, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान सामायिकच होतं. एकीनं ओळ धरायची, दुसरीनं पुढं न्यायची, कुणाची सही नाही. मिळून लिहिणं बायकांना शिकवावं लागत नाही. मात्र कुणीतरी ते कागदावर उतरवून घेईपर्यंत त्याला संदर्भ म्हणून किंमत नव्हती.

(दृश्य : संगणक कक्ष. संध्याकाळ. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या.)

कार्यशाळा संपली की यातल्या थोड्याच पुन्हा लिहितात.

ती मुलगी अजून बसली आहे. लेख तिनं धूळपाटीवर हलवलाय आणि आता चावडी उघडली आहे. प्रश्न टाइप करते : मुलाखतीचं ध्वनिमुद्रण संदर्भ म्हणून का चालत नाही? चावडीवर बोललं की शेवटी सही करायची असते, चार नागमोडी रेघा. ती की तिला सापडत नाही. शेजारची वाकून दाखवते. टॅबच्या वर, डावीकडे कोपऱ्यात. शिफ्ट दाबून. चार वेळा.