पन्नाशीत पहिलं शीड

प्रास्ताविकात अध्यक्ष म्हणाले की वक्त्यांनी पन्नाशीत शिडाची होडी घेतली, आणि तिसऱ्या रांगेतून स्पष्ट ‘बापरे’ ऐकू आलं. आमच्या घरीही हाच शब्द निघाला होता, फक्त जरा वरच्या पट्टीत. पत्रिकेत विषय छापलाय, ‘पहिली होडी कशी निवडावी’. त्याकडे येतोच. पण कल्याणात उभा आहे, तर आधी एक कुरकुर ऐकून घ्या.

महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि इथल्या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली, हे इथल्या दुर्गाडी किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या पोरालाही पाठ असतं. आरमारावर व्याख्यान ठेवा, खुर्च्या कमी पडतात. कान्होजी आंग्र्यांचं नाव निघालं की आपण ताठ बसतो. त्याच माणसाला म्हणा, रविवारी चला मुंबई बंदरात, शीड लावू. तो विचारतो, लाइफ जॅकेट असतं ना? असतं हो, घालावंच लागतं. तरी येत नाही! १९८२ च्या एशियाडमधल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या छोट्या होडीच्या वर्गात सुवर्ण मिळवलं. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. आपण टाळ्या वाजवल्या आणि चौपाटीवर भेळ खायला गेलो.

असो. माझी होडी एंटरप्राइज जातीची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने १९५६ मध्ये आखलेली, चार मीटर लांब, दोघांनी चालवायची, शिडं निळी. घ्यायला सोपी, ठेवायला महाकठीण. पावसाळ्यात छोट्या होड्या पाण्याबाहेर काढाव्याच लागतात. किनाऱ्यावर जागा मिळाली नाही, म्हणून टेम्पोत घालून आणली आणि सोसायटीत माझ्या हक्काच्या पार्किंगमध्ये उभी केली. माझी गाडी रस्त्यावर, होडी शेडखाली. दुसऱ्या दिवशी नोटीस.

वार्षिक सभेत हिशेब, लिफ्ट, पाण्याची टाकी सगळं दहा मिनिटांत मंजूर. होडीवर दीड तास. सेक्रेटरींचा मुद्दा, पार्किंग वाहनासाठी आहे. मी म्हटलं, हे वाहनच आहे. मग नंबर प्लेट कुठाय? खजिनदार खाली जाऊन बघून आले. म्हणाले, ट्रॉलीला चाकं दोन आहेत, म्हणजे टू-व्हीलरचा दर लावू. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं वेगळंच. डोलकाठी मी कुंपणाच्या भिंतीला आडवी बांधून ठेवली होती, तिच्यावर कुणीतरी रोज पंचे वाळत घालतं, ते आधी बंद करा. एक गृहस्थ म्हणाले, हिच्यात डास होतील. तेव्हा मागून एक निवृत्त काका उठले. २६ जुलै २००५ ची अख्खी रात्र त्यांनी तळमजल्यावरच्या खिडकीच्या ग्रिलला धरून काढलेली. म्हणाले, ‘अहो, त्या रात्री ही असती तर?’ सभा गप्प. ठराव झाला: पावसाळाभर होडी मोफत उभी राहील, मात्र पूर आल्यास ती सोसायटीच्या ताब्यात राहील. इतिवृत्तात आहे, दाखवतो. फक्त होडीला तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाक्यांची बुचं माझ्या कपाटात असतात, हे मी सभेला सांगितलं नाही. (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. मग मुख्य मुद्दा घाईत.

पन्नाशीला हातात पैसा असतो, म्हणून माणूस पहिलीच होडी मोठी घेतो. मग खलाशी ठेवतो. खलाशी चालवतो, मालक थर्मास धरून बसतो. माझं म्हणणं, पहिली होडी लहानच घ्या, आणि जुनी. तीस फुटी होडीच्या तळाला जड कील असते, ती तुमच्या चुका पोटात घालते. चार मीटरच्या होडीत वीतभर चुकीचं बसलात की ती लगेच कलते, मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, सैल सोडलीत की लगेच सरळ होते. आपल्या वयाला थिअरी पाठ होत नाही, पण जागच्या जागी मिळालेलं उत्तर लक्षात राहतं. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकललात तर होडी उजवीकडे वळते. तीस वर्षं स्कूटर चालवलेल्या हाताला हे पटायला वेळ लागतो. वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही, साधारण ४५ अंश सोडून, मधली फळी पाण्यात खाली सोडून, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने चढायचं. टॅक घेताना, म्हणजे अशी बाजू बदलताना, बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यावरून जातो, वाका. उलटलात तर त्याच फळीवर उभं राहून होडी सरळ करायची. हे पहिल्याच दिवशी मुद्दाम उलटवून शिकतात.

विकत घेताना रंगाला भुलू नका. डोलकाठीच्या बुडाशी आणि मागच्या फळीच्या कोपऱ्यात प्लायवूडवर नख दाबा. रुतलं तर नमस्कार करून निघा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवरून कापूस फिरवा, अडकला तर तिथला एखादा पदर तुटलाय. शीड हातात चुरगाळा, डेक्रॉन, म्हणजे शिडाचं कापड, चांगलं असेल तर कडकड वाजतं.

हां, वारा. शाळेत खारे आणि मतलई वारे शिकलात ना, परीक्षेपुरते? ते खरोखर असतात. हिवाळ्यात सकाळी मतलई, अकराच्या सुमारास सगळं पडतं, दुपारनंतर खारं येतं. आणि भरती मोबाइलशिवायही कळते, तिथीची पाऊणपट करा. येत्या रविवारी एकादशी आहे. अकराची पाऊणपट सव्वाआठ, सव्वाआठाला पूर्ण भरती. म्हणजे ज्यांना यायचंय त्यांनी साडेसातला धक्क्यावर हजर व्हा, उशीर केलात तर परतताना गुडघाभर चिखल आहे. बूट नकोत, टोपी हवी, आणि चष्म्याला दोरी बांधून या. प्रश्न बाहेर चहाशी घेतो, इथले दिवे बंद करतायत.